ओझं उतरलं तरी जे उतरलं नाही

माझी दोन बाळंतपणं झाली. पहिलं २०१५ साली कराडला, माहेरी. दुसरं २०२३ च्या जानेवारीत, पुण्यात. पहिल्यानंतर मी रोज रडायचे, घरातल्या प्रत्येकावर खेकसायचे, माझे केस मूठमूठ गळायचे, आणि तरीही ते नैराश्य नव्हतं. दुसऱ्यानंतर मी फारशी रडले नाही, कुणावर आवाज चढवला नाही, बाळ बघायला आलेल्यांना चहापाणी विचारलं, आणि त्या काळात मी खरोखर आजारी होते. बाहेरून बघणाऱ्याला नेमकं उलट वाटलं असतं. घरच्यांना तसं वाटलंही. दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या अंगावरून गेल्या, म्हणून त्यांच्यातला फरक मला आतून ठाऊक आहे. तो लिहून ठेवावा असं बरेच दिवस मनात होतं. ओल्या बाळंतिणीला "दमलीयेस, होईल ठीक" यापलीकडे कुणी काही सांगत नाही, आणि अनेकदा ते खरंही असतं. ज्या वेळी ते खरं नसतं, ती वेळ ओळखायची कशी, एवढाच माझा विषय आहे.

थोरली चौतिसाव्या आठवड्यात झाली. वजन एक किलो नऊशे ग्रॅम. पहिल्यांदा काचेच्या पेटीत, मग कावीळ झाली म्हणून निळ्या दिव्याखाली. तिला नीट ओढून पिता येत नव्हतं, म्हणून दूध काढून बोंडल्याने पाजायचं. घरी आणल्यावर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तासन् तास तिला उघड्या छातीशी बांधून बसायचं. नवरा चाकणच्या एका कारखान्यात पाळीवर होता, रविवारी यायचा आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायचा. तेव्हा कायद्याने बाळंतपणाची रजा बारा आठवड्यांचीच होती, त्यातले पहिले काही दवाखान्यातच संपले. मी सहकारी बँकेत नोकरी करते. रजा संपली तेव्हा मुलगी कशीबशी चार किलोची झाली होती आणि तिला पाळणाघरात ठेवून मी कॅश काउंटरवर बसले. दुपारी जुन्या खातेवह्यांच्या खोलीत दार लावून दूध काढायचे आणि बाहेरून कुणीतरी सहीसाठी दार वाजवायचं.

त्या वर्षी माझ्या डोक्यात सतत यादी चालू असायची. वजन किती वाढलं, पाळणाघरातल्या बाईंनी बाटली उकळली असेल का, घराचा हप्ता, सासरे आजारी, उद्या ऑडिट. मान आणि खांदे दगड झालेले. पित्त कायमचं. एकदा नवऱ्याने ओला टॉवेल गादीवर टाकला यावरून मी इतकी ओरडले, की शेजारच्या काकू विचारायला आल्या. न्हाणीघरात नळ सोडून रडणं तर रोजचंच.

पण त्याच वर्षी दिवाळीला आई पुण्याला आली. पहिल्या रात्री तिने बाळ उचललं, म्हणाली, "पाजून दे आणि तिकडच्या खोलीत जाऊन झोप. दार आतून लाव." मी जी झोपले ती थेट उजाडेपर्यंत. उठले तर कडाडून भूक लागली होती. आईने थालीपीठ लावलं, ताटात लोण्याचा गोळा ठेवला, आणि मी एकामागोमाग एक खात सुटले. त्याच दुपारी बहिणीचा फोन आला. ती आमच्या आत्याची हुबेहूब नक्कल करते. हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आई होती तोवर मी माणसात होते. ती गेल्यावर चार-सहा दिवसांत पुन्हा ते सगळं सुरू झालं, कारण कामं पुन्हा माझ्या अंगावर आली होती.

आता मागे वळून बघताना त्या वर्षाची खूण मला इथे दिसते. माझ्या प्रत्येक चिंतेला नाव होतं. अमुक गोष्टीची चिंता, तमुक तारखेची चिंता. ती गोष्ट मिटली की तेवढा भाग सैल व्हायचा. कुणी हात दिला की फरक पडायचा, झोप मिळाली की फरक पडायचा. आणि एवढ्या ओढाताणीतही पुढच्या गोष्टींची वाट बघणं संपलेलं नव्हतं. मुलगी पालथी कधी पडेल, पाच किलोचा काटा कधी दिसेल, याची मी रोज वाट बघत होते. मी हैराण होते, पण मी होते.

दुसऱ्या वेळी सगळं हाताशी होतं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर रजा सव्वीस आठवड्यांची झाली होती. नवरा दिवसपाळीला आलेला. दिवस पूर्ण भरून साधं बाळंतपण, बाळ तीन किलोच्या पुढे, पहिल्याच तासात अंगावर प्यायलेलं. आई आणि सासूबाई आळीपाळीने राहणार होत्या, मालीश करायला बाई ठरवलेल्या, शेक-शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सगळं यथासांग. दुसरीही मुलगीच म्हणून बर्फी वाटताना दोन-तीन ओळखीच्या बायकांनी "असू दे, लक्ष्मीच आहे" असं त्या विशिष्ट सुरात म्हटलं. घरात मात्र कुणाच्या मनात काही नव्हतं आणि माझ्याही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मला रडू फुटलं. कारण काहीच नाही. खिडकीतून रिक्षा दिसली तरी डोळे भरायचे. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, "बाळ झाल्यावर अंगातली संप्रेरकं एकदम खाली येतात, दूध भरत असतं, झोप नसते. निम्म्याहून जास्त बायकांना हे होतं. दोन आठवड्यांत जातं. त्यापुढे राहिलं तर मात्र येऊन सांगा." बारशापर्यंत ते खरंच गेलं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. आणि सगळ्यांचं लक्ष उठलं, हे महत्त्वाचं. यानंतर सव्वा महिन्याच्या सुमारास जे आलं, ते रडण्याच्या रूपात आलंच नाही, त्यामुळे कुणाच्या ध्यानात येण्याचं कारण नव्हतं.

आलं ते सपाट होऊन आलं. पहाटे साडेतीनला डोळे उघडायचे. बाळ सासूबाईंपाशी शांत झोपलेलं, घरात आवाज नाही, अंग थकून मोडलेलं, आणि झोप मात्र येत नाही. उजाडेपर्यंत एकच वाक्य डोक्यात फिरायचं : या पोरीला दुसरी कुणीतरी आई मिळायला हवी होती. दिवस वर येईल तसं थोडं बरं वाटायचं, दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच. खिरीची चव लागायची नाही. लाडू तोंडात घोळत राहायचा. झबलं पिवळं घालायचं की पांढरं, यावर मी कपाटासमोर उभी राहायचे आणि ठरवता यायचं नाही, शेवटी आईच एक काढून द्यायची. बाळाला वेळेवर पाजत होते, दुपटी बदलत होते, टाळू भरत होते. कामात कसूर नव्हती. पण तिच्याकडे बघून छातीत जे हलायला हवं ते हलत नव्हतं. थोरलीने शाळेत आमच्या चौघांचं चित्र काढून आणलं, तर मी "छान आहे" म्हणाले आणि कागद कुठे ठेवू हेच मला कळेना.

याशिवाय एक गोष्ट होती, ती मी कुणालाच सांगितली नव्हती. गॅलरीच्या दारापाशी गेलं की डोळ्यांसमोर यायचं, बाळ हातातून निसटतंय. मला तसं व्हायला नको होतं. ते दृश्य आलं की अंगाला दरदरून घाम फुटायचा. मी गॅलरीत जाणंच सोडलं. कपडे वाळत घालायला का जात नाहीस, असं कुणी विचारलं की पाठ दुखते म्हणायचे.

घरच्यांना काहीतरी बिनसलंय एवढं कळत होतं. त्यांनी मनापासून उपाय केले. सासूबाईंनी मीठ-मोहरीने दृष्ट काढली. आईला वाटलं अंगात वारं शिरलं, तिने बाळंतकाढा वाढवला. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं की हिला विश्रांती हवी, हिला कराडला पाठवा. म्हणजे २०१५ ला जे औषध लागू पडलं होतं तेच पुन्हा दिलं. नवऱ्याने थोरलीची शाळा सांभाळली, मी बाळ घेऊन माहेरी गेले. आईने मला अक्षरशः कशाला हात लावू दिला नाही. पाजण्यापुरतं बाळ माझ्याकडे. रात्री तीच उठायची. जेवणात माझ्या आवडीचं सगळं. एका संध्याकाळी भाऊ गाडी काढून आम्हाला प्रीतिसंगमावर घेऊन गेला. कृष्णा आणि कोयना जिथे समोरासमोर येऊन मिळतात तो घाट, यशवंतरावांची समाधी, बाग, बाहेर भेळेच्या गाड्या. माझं सगळं लहानपण तिथलं. मी कठड्यावर बसून पाण्याकडे बघत राहिले आणि मला काहीही वाटलं नाही. बरं नाही, वाईट नाही, आठवण नाही. भाऊ भेळ घेऊन आला, मी दोन घास खाल्ले.

त्या मुक्कामात माझी अवस्था उलट बिघडली. पुण्यात निदान वेळापत्रकाने मला ओढून नेलं असतं. इथे करायला काही नव्हतं, आणि मी तासन् तास भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. आईने डोक्यावरचं सगळं ओझं काढून घेतलं होतं, आणि आतलं काही तसूभरही हललं नव्हतं. माझ्या मते दोन बाळंतपणांतला सगळा फरक त्या आठवड्यात उघड्यावर आला होता. फक्त तो वाचता येणारं आमच्या घरात कुणी नव्हतं.

तो वाचला आमच्या मालीशवाल्या बाईंनी. मी पुण्याला परतल्यावर त्या पुन्हा यायला लागल्या. मूळच्या बीडकडच्या. पंचवीसेक वर्षं बाळंतिणी आणि बाळं त्यांच्या हाताखालून गेलेली. पाठीला तेल लावता लावता म्हणाल्या, "ताई, मी बाळाला न्हाऊ घालते तवा बाकीच्या घरी बाळंतीण दारात येऊन बघती. पाणी लई गरम नाय ना, कानात जाईल, अशी माझ्यावर कावती. तुम्ही एकदाबी आला नाहीत." मी गप्प. त्या पुढे म्हणाल्या, "हे दुधाचं दुखणं न्हवं आन् वाऱ्याचंबी न्हवं. कोथरूडला एका घरी अशीच पोरगी बघितली मी. डॉक्टरीण बाईला सांगा." हेच त्यांनी सासूबाईंनाही सांगितलं, तेही स्वयंपाकघरात जाऊन, स्पष्ट. घरातल्या सगळ्या शिकलेल्या माणसांना जे दिसलं नव्हतं ते त्यांना दिसलं, आणि बोलून दाखवायचं धैर्यही त्यांनाच झालं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

चौदाव्या आठवड्याच्या लसीला गेलो तेव्हा नवऱ्याने बाळाच्या डॉक्टरांना हे सांगितलं. त्यांनी बाळाचं वजन केलं, लस दिली आणि मग खुर्ची माझ्याकडे वळवून विचारलं, "बाळ झोपल्यावर तुम्हाला झोप लागते का?" मी नाही म्हणाले. ते म्हणाले, आधी तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा, रक्त तपासून घ्या, आणि मानसोपचारतज्ज्ञांची वेळ आजच घ्या, रिपोर्टसाठी थांबू नका. तपासणीत हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड हे सगळं पाहिलं. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडलं किंवा रक्त फार कमी असलं तरी बाई अशीच मलूल होते, म्हणून ते आधी बघायचं असतं. माझं हिमोग्लोबिन थोडं कमी होतं, त्यासाठी गोळ्या दिल्या. थायरॉइड ठीक होतं.

मानसोपचारतज्ज्ञ म्हटल्यावर नात्यातल्या एक काकू घाबरल्या. बाळ अंगावर पितंय आणि डोक्याची औषधं? उद्या दवाखान्यात ठेवून घेतलं आणि बाळाला हिच्यापासून तोडलं तर? ही भीती बऱ्याच घरांत असते, म्हणून सांगते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात तरतूद आहे की आई मानसोपचाराच्या दवाखान्यात दाखल असेल आणि मूल तीन वर्षांच्या आतलं असेल, तर एरवी त्यांची ताटातूट करायची नाही. बंगळूरच्या निमहान्स या मानसिक आजारांवरच्या राष्ट्रीय संस्थेत तर २००९ पासून आई आणि बाळ दोघांना एकत्र ठेवून उपचार करणारा वेगळा कक्षच आहे. मला दाखल व्हावं लागलं नाही. बहुतेक जणींना लागत नाही.

डॉक्टर बाई वयाने माझ्यापेक्षा लहान असतील. त्यांनी पहिल्यांदा बाळ मांडीवर घेतलं, नाव विचारलं. मग म्हणाल्या, "समजा, उद्या तुम्हाला पूर्ण दिवस मोकळा दिला. बाळाला सांभाळायला तुमच्या विश्वासाचं माणूस आहे. तुम्ही काय कराल?"

हा प्रश्न मला २०१५ मध्ये विचारला असता तर माझ्याकडे यादी तयार होती. झोपेन, केस कापून येईन, बहिणीबरोबर मिसळ खायला जाईन, रस्त्यावर एकटीच फिरेन. आता मी विचार केला आणि मला एकही गोष्ट सुचली नाही. हवंसं असं काही उरलंच नव्हतं. डॉक्टर बाईंनी वाट बघितली, घाई केली नाही. मग म्हणाल्या, "दमलेल्या माणसाला सुट्टी हवी असते. तुम्हाला सुट्टीही नकोशी झालीये. मला इथेच शंका येते."

मग त्यांनी दहा प्रश्नांचा एक मराठी कागद दिला. ही एडिंबरा प्रश्नावली, स्कॉटलंडमध्ये १९८७ साली खास बाळंतिणींसाठी तयार झालेली. गेल्या सात दिवसांत मनाची अवस्था कशी होती एवढंच त्यात विचारतात : हसू येतं का, पुढच्या गोष्टींची ओढ वाटते का, विनाकारण स्वतःला दोष देता का, भीती वाटते का, झोप मनाच्या दुःखामुळे उडते का. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. झोप आणि थकवा तर प्रत्येक बाळंतिणीचे बिघडलेले असतात, म्हणून नैराश्याच्या साध्या प्रश्नावल्या इथे फसू शकतात. या कागदात थकवा, भूक, अंगदुखी यांना जवळजवळ जागाच नाही, सगळा भर मनावर आहे. साधारणपणे तेरा किंवा त्याहून जास्त गुण आले तर नैराश्याची दाट शक्यता धरतात. माझे एकोणीस आले. हा कागद निदान करत नाही, निदान डॉक्टरच करतात, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

शेवटचा, दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. मी त्यापाशी थांबले. त्यांनी नवऱ्याला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं आणि सरळ शब्दांत विचारलं, जगणं नको वाटतं का? मी म्हणाले, मरायचं असं नाही, पण पहाटे जाग आलीच नाही तर बरं, असं वाटतं. मग मी गॅलरीचंही सांगितलं. मला वाटलं होतं की हे ऐकून त्या दचकतील. त्या दचकल्या नाहीत. नकोशी भीतिदायक दृश्यं अशी आपोआप डोळ्यांसमोर येणं या आजारात पुष्कळ जणींना होतं, म्हणाल्या. बाईला त्याचीच भीती वाटते, ती त्यापासून लांब पळते, याचा अर्थ ती बाळाला जपतेय. वेगळी आणि तातडीची गोष्ट कोणती, तेही त्यांनी नवऱ्याला आत बोलावून समजावलं. बाईला नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, बाळाबद्दल किंवा घरच्यांबद्दल भलत्याच समजुती पक्क्या झाल्या, झोप अजिबात नाही तरी अंगात विचित्र जोर आहे, बोलण्यात गोंधळ आहे, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हजारात एखाद-दोन बाळंतिणींना असं होतं, बहुधा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, आणि तेव्हा एक रात्रही थांबायचं नसतं. माझ्यासाठी त्यांनी एवढंच ठरवून दिलं, की काही दिवस मी घरात एकटी राहायचं नाही, औषधं नवऱ्याच्या ताब्यात, आणि पहाटे ते विचार आले तर त्याला उठवायचं, सकाळची वाट बघायची नाही. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिला. तो ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेला, चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. मी एका पहाटे तो वापरला.

मी त्यांना विचारलं, एवढं सगळं असताना, एवढी माणसं असताना, मला का? पहिल्या वेळी व्हायला हवं होतं ना? त्या म्हणाल्या, हा हिशेब असा सुटत नाही. खूप दिवसांचा ताण नैराश्याला वाट करून देऊ शकतो, पैशाची चणचण, नवऱ्याची मारहाण, मुलगा हवा म्हणून टोचणं, यांनी धोका वाढतो. पण सगळं सुरळीत असलेल्या घरातही ते येतं. त्यांनी गोव्यातल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, २००२ साली प्रसिद्ध झालेला. त्यात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के बायकांना नैराश्य आढळलं होतं, आणि सहा महिन्यांनंतरही त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त आजारीच होत्या. मला हा आकडा ऐकून धक्का बसला. आमच्या मजल्यावर चार बिऱ्हाडं आहेत.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली : आजारी निघालेल्यांपैकी ७८ टक्के बायकांचं मन गरोदरपणातच बिघडलेलं होतं. "तुमचे सातवा-आठवा महिना कसे गेले?" असं विचारल्यावर मला एकदम डोहाळजेवण आठवलं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, सजवलेला झोपाळा, ओटी भरणाऱ्या बायका, आणि मध्ये मी, कधी एकदा हे संपतंय अशी बसलेली. फोटोत मी हसते आहे. तेव्हा सगळे म्हणाले होते, उकाड्याने दमली असेल. ऑक्टोबर होता, ते पटण्यासारखंही होतं.

औषध सुरू झालं सर्ट्रालीन, म्हणजे नैराश्यावरची गोळी, आधी कमी मात्रेत, मग पन्नास मिलिग्रॅम. अंगावरच्या दुधात ते फार थोडं उतरतं, म्हणून पाजणाऱ्या आईला देताना ते बऱ्याचदा निवडलं जातं. पाजणं थांबवायची गरज नव्हती. पहिल्या आठवड्यात मळमळ झाली, डोकं जड राहिलं, बरं काहीच वाटलं नाही. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, हे आधीच सांगितलं होतं म्हणून मी टिकले. नाहीतर आठवड्यातच गोळ्या सोडल्या असत्या. प्रत्येकीला औषध लागतंच असं नाही. आजार सौम्य असेल तर नुसत्या समुपदेशनानेही बरं वाटू शकतं.

दुसरा भाग झोपेचा. डॉक्टर बाईंनी नवऱ्याला कागदावर लिहून दिलं, जसं औषध लिहून देतात तसं : रात्री दहा ते तीन आईला सलग झोप. त्या वेळातलं दूध मी आधी काढून ठेवायचे आणि तो पाजायचा. सासूबाईंना आधी हे आवडलं नाही, "तो सकाळी कामाला जाणार" म्हणाल्या. पण औषध म्हणून लिहिलंय म्हटल्यावर त्यांनीच पुढे कसोशीने पाळलं. तिसरा भाग समुपदेशनाचा, आठवड्यातून एकदा. तिथे आम्ही मोठमोठे विषय काढले नाहीत. उद्या सकाळी दहा मिनिटं उन्हात बसायचं, बाळाला न्हाऊ घालताना दारात उभं राहायचं, वाटो न वाटो, असली छोटी कामं ठरवायचो. "तिला दुसरी आई हवी होती" हे वाक्य आलं की त्याच्या बाजूला त्या दिवशी मी बाळासाठी काय काय केलं ते लिहायचं. दोन बैठकांना नवरा आला. त्याने पहिल्यांदा कबूल केलं की तो महिनाभर घाबरलेला होता आणि काय विचारावं हेच त्याला कळत नव्हतं.

बरं होणं एका दिवसात कळत नाही. आधी पहाटेची जाग साडेतीनवरून पाचवर गेली. मग एक दिवस आमटीत मीठ जास्त आहे हे माझ्या जिभेला कळलं. बाळ माझ्याकडे बघून हसायचं तेव्हा मी उत्तरादाखल तोंड हसरं करत होते, ते कधीतरी आपोआप व्हायला लागलं. पण माझ्या मनात पक्की बसलेली खूण वेगळीच आहे. एका सकाळी गॅसचं सिलिंडर संपलं, दुसरं भरलेलं नव्हतं, थोरलीची शाळेची बस यायला पंधरा मिनिटं, आणि मी नवऱ्यावर भडकले. चांगली कडाडले. मग शेजारून सिलिंडर आणलं, डबा भरला, रजा संपल्यावर हे सगळं कसं जमणार, पाळणाघर कोणतं, अशी चिंता करत बसले. मान आखडली. आणि मधेच लक्षात आलं की ही तर माझी ओळखीची बाई आहे, २०१५ मधली. ताण परत आला होता. चिंतेला पुन्हा नावं आली होती. पुढच्या भेटीत मी हे सांगितलं तेव्हा डॉक्टर बाई मनापासून हसल्या आणि म्हणाल्या, आता या ताणाचं आपण वेगळं बघू, त्याला गोळी नको, त्याला माणसं आणि वेळापत्रक हवं.

मी नोकरीवर परत गेले ते औषध चालू असतानाच. बरं वाटल्यावरही सहा-नऊ महिने औषध घ्यायचं असतं आणि मग डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करायचं असतं. तसंच केलं. पुढे कधी पुन्हा पहाटेची जाग सुरू झाली, सलग दोन आठवडे कशाचीच ओढ वाटली नाही, तर घरात कुणी कुणाला काय सांगायचं हे आम्ही ठरवून ठेवलंय. दोन आठवडे ही मुदत डॉक्टरच पाळतात : दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, दोन आठवडे. त्याच्या आत चांगल्या-वाईट दिवसांची ये-जा चालायचीच. स्वतःला संपवण्याचा विचार आला तर मात्र दोन आठवडेही थांबायचं नाही.

गेल्या वर्षी मामेबहीण बाळंत झाली, साताऱ्याला. तीन महिन्यांनी तिचा फोन आला. छाती धडधडते, हात थरथरतात, झोप लागत नाही, वजन उतरतंय, ताई, मला तुझ्यासारखंच झालंय का? मी तिला डॉक्टर बाईंचा मोकळ्या दिवसाचा प्रश्न विचारला. ती लगेच म्हणाली, मी आधी पोटभर झोपेन आणि मग महाबळेश्वरला जाईन. मला जरा बरं वाटलं, पण तेवढ्यावर थांबावं असं वाटेना. फोनवरच्या एका प्रश्नाने कुणाचं निदान होत नसतं. मी शनिवारी साताऱ्याला गेले, तिच्याबरोबर डॉक्टरांकडे बसले, रक्त तपासायला दिलं. थायरॉइड वाढलेलं निघालं. बाळंतपणानंतर काही जणींच्या थायरॉइडला सूज येते, आधी ते जास्त काम करतं आणि काही महिन्यांनी कमी पडतं, म्हणून मधूनमधून पुन्हा तपासावं लागतं. धडधड कमी होण्यासाठी तिला गोळी सुरू झाली आणि पुढच्या तपासणीच्या तारखा तिच्या नवऱ्याने भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहून ठेवल्या. ताण तिला आहेच, तिची रजा पुढच्या महिन्यात संपतेय. सातारा शहरातल्या पाळणाघरांची यादी आम्ही दोघींनी मिळून काढली आहे, आणि त्यातली तीन बघायला मी रविवारी तिच्याबरोबर जाणार आहे.